खंबाटकीच्या चढापासून पाडव्यापर्यंत: आमच्या बीटलच्या क्लचची गोष्ट

१३ जानेवारी २०२४, शनिवार. संक्रांत सोमवारी होती, म्हणून तिळगुळाचे डबे मागच्या सीटवर ठेवून मी पुण्याहून साताऱ्याला आत्याकडे निघाले होते. गाडी आत्याचीच, १९६६ ची फोक्सवॅगन बीटल १३००. आत्या साताऱ्यात डॉक्टर होती. ही गाडी तिने १९७४ मध्ये जुनीच विकत घेतली आणि पुढची चोवीस वर्षं आसपासच्या गावांत बाळंतपणांना याच गाडीतून गेली. आता ती चौऱ्याऐंशीची आहे आणि गाडी माझ्याकडे असते.

शिरवळपर्यंत काहीच जाणवलं नाही. खंडाळा मागे टाकून खंबाटकी घाट चढायला लागलो, तिसऱ्यावर थोडी रेस दिली तर इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी मात्र तेवढ्याच वेगात राहिली. दुसरा टाकला, तेच. मग केस जळल्यासारखा वास आला. कडेला थांबले, वीस मिनिटं गाडी गार होऊ दिली आणि पहिल्या गिअरमध्ये, अगदी कमी रेसवर, मागच्या ट्रकवाल्यांची मनातल्या मनात क्षमा मागत घाट चढले. हात थरथरत होते. इतक्या वर्षांत या गाडीनं मला रस्त्यात एकदाही सोडलं नव्हतं.

आत्याच्या अंगणात पोचल्यावर तिनं मला क्लच घसरतोय का, म्हणजे इंजिनाची ताकद चाकांपर्यंत पूर्ण पोचत नाही का, हे बघायची एक साधी परीक्षा करायला लावली. तुम्हीही करून बघू शकता. गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक पूर्ण ओढलेला, पुढे कुणी उभं नाही. इंजिन चालू करून तिसरा गिअर टाकायचा, थोडी रेस देऊन क्लच सोडायचा. क्लच चांगला असेल तर इंजिन लगेच बंद पडतं. आमचं चालूच राहिलं. ही परीक्षा एकदाच करायची, कारण प्रत्येक वेळी क्लचची प्लेट आणखी भाजते.

दुसरी गोष्ट आत्यानं दाखवली. इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडलेत, बरोबर त्या फटीखाली फरशीवर तेलाचे थेंब होते. तिनं एक थेंब बोटावर घेऊन हुंगला. "गिअर ऑइल नाही हे. त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. हे इंजिन ऑइल आहे." म्हणजे फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या टोकाचं जड चाक, त्यामागचं तेल अडवणारं सील गेलं होतं आणि तेल क्लच प्लेटवर उतरत होतं. नुसती प्लेट बदलून भागणार नव्हतं. तुमचा क्लच घसरत असेल तर तो झिजलाय की तेलकट झालाय हे आधी ठरवा. तेल येत असेल आणि सील तसंच ठेवलं, तर नवी प्लेटही काही महिन्यांत तशीच होते.

१७ जानेवारीला गाडी फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट पाठीच्या ट्रकवर, घालून पुण्याला आणली, ६,५०० रुपये. साखळीनं ओढून आणायचा विचारही केला नाही.

आता घाई कशाची होती ते सांगते. गाडीच्या आरसीची मुदत २८ फेब्रुवारी २०२४ ला संपत होती. पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीचं नोंदणी नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावं लागतं. अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्याआधी साठ दिवसांच्या आत करता येतो आणि गाडी तपासणीसाठी आरटीओत हजर करावी लागते. १ एप्रिल २०२२ पासून याची फी बरीच वाढली होती. उशीर झाला तर दर महिन्याला ५०० रुपये जास्त. पैशांपेक्षा मला भीती होती ती मुदत उलटल्यावर गाडी रस्त्यावर आणता येणार नाही याची.

दुसरा रस्ता होता व्हिंटेज नोंदणीचा. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या, मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्रीय नियमांत ही सोय झाली: नमुना २० मध्ये अर्ज, २०,००० रुपये फी, दहा वर्षांची मुदत, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. आमची गाडी त्यात बसते. पण त्या नोंदणीवर गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, इंधन भरणं, दुरुस्ती, एवढ्यासाठीच. मला या गाडीनं साताऱ्याला जायचंय. तेव्हा साधं नूतनीकरणच.

आमचे मेकॅनिक काका सत्तरीच्या पुढचे. बीटलची इंजिनं त्यांनी तरुणपणी पुष्कळ उतरवली आहेत. त्यांनी गाडी पाहिली आणि म्हणाले, "ताई, आधी खोलू. मग काय लागतंय ते बघू." मी ऐकलं नाही. परदेशातून सामान यायला तीन आठवडे लागणार आणि तोपर्यंत इंजिन उतरवून त्यांची जागा अडवायची हे मला पटेना. सामान आलं की एका शनिवार-रविवारात काम संपवायचं, असा माझा हिशोब. २२ जानेवारीला मी क्लचचा पूर्ण संच मागवला: क्लच प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट, पायडल दाबल्यावर ती पकड सोडवणारं रिलीज बेअरिंग, सोबत ऑइल सील आणि फ्लायव्हीलचा मधला मोठा नट.

मागवताना एक गोष्ट मी नीट तपासली होती. १९७० पर्यंतच्या बीटलमध्ये प्रेशर प्लेटच्या मधोमध एक कडी असते आणि रिलीज बेअरिंग त्या कडीवर दाबलं जातं. त्यानंतरच्या गाड्यांत कडी नाही, बेअरिंग एका नळीवर सरकतं. दोन्ही एकमेकांना चालत नाहीत. मी कडीवालाच संच निवडला, आणि त्यातच समाधान मानलं.

पार्सल ६ फेब्रुवारीला मुंबईत आलं आणि कस्टममध्ये थांबलं. कुरिअरकडून मेल आला: आधार, पॅन, सही केलेलं अधिकारपत्र आणि पैसे भरल्याची पावती द्या. पावतीवर माझं नाव आणि आधारवरचं नाव यात एका अक्षराचा फरक होता, त्यात दोन दिवस गेले. मागवताना नाव आधारवर आहे तसंच, अक्षर न अक्षर, टाका. सामान ९,४०० आणि पाठवणूक ४,८०० मिळून १४,२०० रुपये झाले होते. वैयक्तिक वापराची आयात म्हणून त्यावर ३५ टक्के मूळ ड्युटी, त्या ड्युटीवर १० टक्के अधिभार आणि या सगळ्यावर २८ टक्के जीएसटी. एकूण ७७.२८ टक्के, म्हणजे १०,९७४ रुपये. वर कुरिअरचे ८८५. हे दर २०२४ चे, नंतर ते बदललेत, पण मागवण्याआधी पाठवणुकीचा खर्च धरून ड्युटी काढून ठेवा. ती फक्त सामानाच्या किमतीवर लागत नाही. १२ फेब्रुवारीला पार्सल हातात आलं.

१७ फेब्रुवारीला, शनिवारी सकाळी आठ वाजता आम्ही सुरुवात केली.

बीटलचं इंजिन मागे आणि गिअरबॉक्स त्याच्या पुढे. त्यामुळे क्लचसाठी गिअरबॉक्स काढायचा नसतो, आख्खं इंजिनच मागे सरकवून खाली उतरवायचं असतं. ऐकायला भयंकर वाटतं, पण इंजिनाला धरून ठेवणारे बोल्ट फक्त चार. हवेवर गार होणारं इंजिन, त्यामुळे रेडिएटर नाही, पाण्याचे पाइप नाहीत. पहिल्यांदा मागच्या सीटखालच्या बॅटरीची वायर काढली. मग एअर क्लीनर. त्यात तेल असतं, तो तिरका करायचा नाही. डायनॅमो, कॉइल, ऑइल प्रेशर आणि चोकच्या वायरी काढताना मी प्रत्येक वायरला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर लिहिलं आणि फोटो काढले. काकांना याची गरज नव्हती, मला होती. मग ॲक्सिलरेटरची केबल, हीटरच्या दोन केबल आणि पेट्रोलचा पाइप. तो पाइप उघडल्या उघडल्या बंद करायला एक लाकडी खुंटी हाताशी ठेवली होती. पाइप बोटांत वाकवला तर त्यावर भेगा दिसल्या. दहा-वीस रुपयांसाठी आख्खी गाडी जळण्याचा धोका ठेवू नका, इंजिन उतरलंय तेव्हाच तो बदला. अग्निशामक नळकांडं पूर्ण वेळ शेजारी होतं.

चार बोल्टांपैकी खालचे दोन सोपे. वरच्या दोनांसाठी एकानं वरून, पंख्याच्या पत्र्यामागे हात घालून, न दिसणाऱ्या नटवर १७ चा पाना बसवायचा आणि दुसऱ्यानं खालून बोल्टचं डोकं धरायचं. वर मी होते, माझा हात बारीक म्हणून. मनगटाची साल निघाली. पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट घाला.

इंजिन शंभर किलोच्या आसपास. ते जॅकवर तोलून सरळ मागे ओढायचं, गिअरबॉक्सचा शाफ्ट पूर्ण बाहेर येईपर्यंत, आणि मगच खाली. मध्येच वजन शाफ्टवर लटकलं तर प्लेट वाकते. मग ते बंपरखालून बाहेर काढायला गाडीची मागची बाजू जवळजवळ तीन फूट वर घ्यावी लागली. लोखंडी स्टँड होतेच, त्याखेरीज काकांनी लाकडी ठोकळे लावले. स्टँड नीट बसलेत याची खात्री होईपर्यंत त्यांनी कुणालाही गाडीखाली जाऊ दिलं नाही. दुपारी अडीचला इंजिन बाहेर होतं.

प्रेशर प्लेट काढली. जुनी प्लेट तेलानं काळी आणि चकचकीत झाली होती, फ्लायव्हीलवर भाजल्याचे निळे डाग होते. मी अभिमानानं नवा संच उघडून शेजारी ठेवला. काकांनी काही न बोलता पट्टी आणली आणि दोन्ही प्लेटा मोजल्या. जुनी १८० मिलिमीटर. नवी २००.

माझ्या पोटात गोळाच आला. १३०० म्हणजे २०० ची प्लेट असं मी जिथे तिथे वाचलं होतं. पण आमची गाडी सहा व्होल्टच्या बॅटरीची. त्या वेळच्या सहा व्होल्टच्या १३०० ला लहान फ्लायव्हील आणि १८० चा क्लच आहे. बारा व्होल्टच्या गाड्यांना मोठं फ्लायव्हील आणि २०० चा. मोठी प्रेशर प्लेट आमच्या फ्लायव्हीलच्या भोकांवर बसतच नाही, आणि मोठं फ्लायव्हील घातलं तर गिअरबॉक्सच्या घरात घासतं. कंपनीनं बनवताना ठेवलेला आतला घेर बदलायला मी तयार नव्हते. काकांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. चहा मागवला आणि म्हणाले, "बेअरिंग आणि सील बरोबर आलंय. अर्धं काम झालं समजा."

रात्री मला झोप लागली नाही. पुन्हा मागवायचं तर पुन्हा ड्युटी, पुन्हा तीन आठवडे, आणि आरसीची तारीख अकरा दिवसांवर.

सोमवारी शिवजयंती, सगळं बंद. मंगळवारी प्लेट घेऊन नाना पेठेत गेलो. १८० ची नवी प्लेट मिळणार नाही हे माहीत होतं, पण जुनीला नवं लायनिंग, म्हणजे घासला जाणारा वरचा थर, मारून देणारे अजून आहेत. कारागिरानं प्लेट हातात घेतली, मधल्या स्प्रिंग हलवून पाहिल्या, आतल्या दात्यांवरून बोट फिरवलं. "हे चांगलं आहे, लायनिंगच मेलंय." हे दाते झिजून धारदार झालेले असतील किंवा स्प्रिंग ढिल्या असतील तर नवं लायनिंग मारण्यात अर्थ नाही, हे त्यांनीच सांगितलं. १,४०० रुपये आणि आठ दिवस. प्लेट परत घेताना तीन गोष्टी पाहा: रिव्हेटची डोकी लायनिंगच्या पृष्ठभागाच्या नीट आत बुडालेली हवीत, जाडी सगळीकडे सारखी हवी आणि शाफ्टवर फिरवल्यावर प्लेट डुगडुगता कामा नये.

फ्लायव्हील लेथवर दिलं, निळे डाग जाण्यापुरता हलका कट, ९०० रुपये. त्याच टर्नरदादांकडून प्लेट मधोमध बसवण्यासाठी शाफ्टच्या मापाची एक नायलॉनची दांडीही करून घेतली.

राहिली प्रेशर प्लेट. जुनीच्या तोंडावर खोल चरे होते आणि तिचा दाब सोडवणाऱ्या तीन बोटांपैकी एक खाली बसलं होतं. ही बोटं कारखान्यातच जुळवलेली असतात, अंदाजानं पिळायची नसतात. मी ओळखीच्या सगळ्या बीटलवाल्यांना फोन केले. सहाव्या फोनवर मुंबईतले एक गृहस्थ म्हणाले, "१८० ची एक न वापरलेली पडून आहे माझ्याकडे, वडिलांनी आणून ठेवलेली. पण मला २०० ची हवी आहे, माझी १९६९ ची आहे." त्यांची गाडी बारा व्होल्टची, कडीवाल्या क्लचची. मी चुकून मागवलेला संच त्यांना जसाच्या तसा चालत होता! २५ फेब्रुवारीच्या रविवारी दादर स्टेशनबाहेर आम्ही पिशव्यांची अदलाबदल केली. त्यांची प्लेट मेणकापडात गुंडाळलेली होती, ग्रीस वाळून पिवळं पडलेलं. बेअरिंग मी ठेवून घेतलं, त्यांनी त्याचे पैसे धरले नाहीत. त्या दिवशी आगगाडीत बसल्यावर मला पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

२८ तारीख आली आणि गेली. इंजिन अजून ठोकळ्यावरच होतं. भीती वाटली होती तेवढं काही घडलं नाही, ५०० रुपयांचा प्रश्न होता.

२ मार्चला जोडणी सुरू केली. जुनं सील नखानं दाबलं तर तुटत होतं. नवं सील तेल लावून, चारी बाजूंनी सारखं दाबत बसवलं. फ्लायव्हीलमागे तीन शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात, आणि त्यांच्यावर क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याची, पुढेमागे होणारी हालचाल ठरते. ती ०.०७ ते ०.१३ मिलिमीटर हवी. डायल गेजवर आमची ०.१९ आली. काकांनी डब्यातून जाड शिम शोधून बदललं, तेव्हा ०.१० वर आली. हे माप न घेता फ्लायव्हील बसवणाऱ्या मेकॅनिकला काम देऊ नका.

मग मधला मोठा नट, ३६ चा. तो सुमारे ३० किलोग्रॅम-मीटरला आवळायचा असतो. एवढा जोर मोजणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, आमच्याकडे नव्हता. काकांनी दांडीवर दोन फुटांवर खडूनं खूण केली आणि मला विचारलं, "ताई, वजन किती तुमचं?" पन्नास. "मग या खुणेवर उभ्या राहा, उडी मारू नका." फ्लायव्हील अडकवून धरलं होतं. भिंतीचा आधार घेऊन मी अलगद वजन टाकलं, दांडी कुरकुरत थोडी फिरली आणि थांबली. पन्नास किलो, दोन फूट: हिशोब बरोबर तीसच्या आसपास येतो.

क्लच प्लेट बसवताना तिचा लांब गड्डा गिअरबॉक्सकडे. नायलॉनची दांडी मध्ये घालून प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, प्रत्येकी एकेक फेरा, असे हळूहळू आवळले. एक बाजू आधी आवळली तर झाकण वाकतं. शेवटी २.५ किलोग्रॅम-मीटर. नव्या लायनिंगला तेलकट हात लावू नका. आणि नवं रिलीज बेअरिंग पेट्रोलनं किंवा डिझेलनं धुऊ नका, आतलं ग्रीस जातं.

८ मार्चला महाशिवरात्र. ९ तारखेला इंजिन चढवलं, आणि यात सगळ्यात जास्त वेळ गेला. शाफ्ट प्लेटच्या दात्यांत शिरेना. सव्वा तास. गाडी गिअरमध्ये टाकून, पुली हातानं किंचित किंचित फिरवत, इंजिनाची पातळी केसभर वर-खाली करत राहिलो. बोल्ट आवळून जबरदस्तीनं खेचायचा मोह होतो, तो आवरा. अचानक 'टक्' झालं आणि इंजिन आपोआप आत सरकलं. काकांनी कपाळाला हात लावून नमस्कार केला.

अडीच लिटर एसएई ३० तेल, नवा पेट्रोल पाइप, आणि शेवटी क्लच केबलच्या टोकाचा विंग नट. पायडल हातानं दाबल्यावर पहिले १० ते २० मिलिमीटर मोकळे जायला हवेत. अजिबात मोकळीक नसेल तर बेअरिंग कायम दाबलेलं राहतं, जास्त असेल तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि गिअर कुरकुरतात. संध्याकाळी सहाला गाडी सुरू झाली. पहिला टाकला, पाय सोडला आणि गाडी झटका न देता निघाली. मी गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन रिव्हर्समध्ये परत आले, कारण आरसीची मुदत संपली होती.

मजुरी ९,००० आणि तेल-पाइप वगैरे १,६००. आरटीओची तपासणीची वेळ २० मार्चची मिळाली. मुदत संपलेली म्हणून गाडी पुन्हा फ्लॅटबेडवर, १,८०० रुपये. दादरची फेरी धरून आरटीओची फी सोडता एकूण ४८ हजारांच्या आसपास गेले. आधी इंजिन उतरवून मग सामान मागवलं असतं तर निदान चुकीच्या मापाची ही धावपळ वाचली असती.

आरटीओत मूळ आरसी, विमा, पीयूसी, पर्यावरण कराची पावती, फीची पावती, आणि चेसिस नंबरचा पेन्सिलनं घेतलेला ठसा. बीटलचा चेसिस नंबर मागच्या सीटखाली, मधल्या बोगद्यावर असतो. ठसा घरीच, सीट काढून, शांतपणे घेऊन जा. निरीक्षकांनी दिवे, हॉर्न, हँडब्रेक, वायपर पाहिले, गाडी थोडी चालवायला लावली. एक इंडिकेटर मंद आहे म्हणाले. बल्ब काढून टोक घासलं, उजळला. साडेअकराला रांगेत लागले होते, पावणेचारला काम झालं. नूतनीकरण ऑनलाइन दिसू लागलं दोन दिवसांनी, कार्ड टपालानं नंतर आलं.

नव्या लायनिंगला पहिले ५०० किलोमीटर जपायचं असतं. घाट नाही, अर्ध्या क्लचवर चढाला थांबणं नाही. त्यानंतर पायडलची मोकळीक पुन्हा मोजायची. मी रोज पहाटे पाषाण, सूस, हिंजवडीकडे फिरून तेवढे पुरे केले. मोकळीक बदलली होती, विंग नट फिरवून ती पुन्हा मापात आणली.

८ एप्रिलला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, खंबाटकी तिसऱ्यावर चढले. जानेवारीत थांबले होते त्या वळणावर रेस दिली, गाडी पुढे गेली.

पाडव्याला गुढी उभारून झाल्यावर आत्या काठी टेकत गाडीपाशी आली, दार उघडून चालकाच्या जागी बसली. डावा पाय क्लचवर ठेवला आणि पायडल हळूच दाबून बघितलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"हलका केलास," म्हणाली. मग पाय काढून बाजूला ठेवला. "आणि उगाच पाय ठेवून बसू नकोस यावर. ती काही पायरी नाही."